कोंडाजी भोईरचं नाक

माणसाला एखादी गोष्ट चांगली जमते हे गावाला कळलं की झालंच! मग ती आयुष्यभर मानगुटीवर बसते. कोंडाजी भोईरचं नाक तसंच होतं.

पस्तीस वर्षं त्यानं टँकर चालवले. बादलीभर डिझेलात वाटीभर रॉकेल असलं तरी नुसत्या वासावर सांगायचा. पंपवाले त्याला टरकून असायचे. पुढं कंबर गेली आणि टँकर सुटला. त्याच सुमारास परेशशेठनं काशीदजवळच्या माळावर पर्यटकांना किनारा दाखवायला दोन आसनांचं विमान आणलं, आणि पेट्रोल भरायला कोंडाजीला ठेवलं. पिंपातलं पेट्रोल टाकीत सोडायचं, मग टाकीच्या बुडाची तोटी उघडून काचेच्या बाटलीत थोडं काढायचं. पाणी जड, ते खाली बसतं. बाटलीत आडवी रेघ दिसली की समजायचं, पाणी आलंय.

कोंडाजी रेघ तर बघायचाच, वर वासही घ्यायचा. विमान चालवणारी नेत्रा अलिबागची, सत्तावीस-अठ्ठावीसची पोर. नियमानं बाटली तिनंही बघायची. पहिले काही महिने तिनं बघितली. मग लांबूनच हाक मारायला लागली, "कोंडूकाका, तुमचं नाक काय म्हणतंय?" हा मान डोलवायचा, ती उडायची. दिवसभरात त्याला कुणी काही विचारत असेल तर तेवढंच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो तापानं पडला. उठला तो नाक गमावूनच. तव्यावर सुकट जळून कोळसा झाली आणि हा शेजारी बसून खुशाल पेपर वाचतोय!

"आवो, तुमाला वास येत न्हाय!" नीराबाईनं, त्याच्या बायकोनं, कपाळावर हात मारला. "शेठला सांगा जाऊन."

"येईल परत," तो म्हणाला.

कसला येतोय! वर्षं गेली. रोज सकाळी तो बाटली नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा, मान डोलवायचा. या नाटकाचा त्याला शीण यायचा, अगदी हाडांतून. कधी वाटायचं, आज सांगून टाकावं आणि घरी जाऊन झोपावं. तेवढ्यात नेत्राची हाक यायची.

गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं दोन दिवस झोडपलं. पिंप उघड्यावर उभं होतं, त्यावरची ताडपत्री फाटलेली, बुचाचं रबर झिजलेलं. पिंपाच्या डोक्यावर साचलेलं पाणी बुचातून आत झिरपलं आणि तळाशी बसलं. पेट्रोल उपसायच्या पंपाची नळी पिंपाच्या बुडाशी, म्हणजे टाकीत आधी गेलं ते पाणीच. कोंडाजीनं बाटली उजेडात धरली. रेघ नव्हती. रेघ कशी असणार? बाटलीत सगळं पाणीच होतं! शेंबड्या पोरानंही वासावर सांगितलं असतं. ह्यानं नाकाशी धरली, डोळे मिटले, मान डोलवली.

नळ्यांतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर इंजिन सुरू झालं. विमान उठलं, सुरूच्या बनावर गेलं, आणि आवाज थांबला. नेत्रानं ते कापणीला आलेल्या भातात उतरवलं, पण चाक बांधाला अडकून ते उलटलं. पर्यटकाचा पाय मोडला, नेत्राचं खांद्याचं हाड. जीव वाचले, देवाचीच कृपा.

मग अलिबागला चौकशी लागली. परेशशेठनं गाडीतच पढवलं, "काका, जे केलं तेच बोला. बाटली बघितली, नाकाला लावली, रेघ नव्हती. जास्त कशाला बोलायचं?" त्यात एकही शब्द खोटा नव्हता. कोंडाजीनं चौकशीच्या साहेबांपुढं तेवढंच सांगितलं आणि तो खुर्चीत बसून राहिला.

साहेब नेत्राकडे वळले. तिचा हात गळ्यात बांधलेला. "टाकीत पाणी सापडलंय. यांनी बघितलं तेव्हा नव्हतं म्हणतात. मग उडण्याआधी तुम्ही का नाही बघितलं? लायसन्स जाईल तुमचं."

"माझं चुकलंच, सर," ती म्हणाली. "पण काकांना काही विचारू नका. त्यांचं नाक चुकत नाही."

ही पोर स्वतः बुडत होती आणि कोंडाजीला वर धरत होती. तो टेबलाला धरून उठला.

"सायेब, मला वास येत न्हाय. दुसऱ्या लाटेपासून. त्या दिवशी बाटलीत सगळं पाणीच व्हतं. मी नुसती नाकाला लावली."

परेशशेठ खाली बघायला लागला. साहेबांनी लिहिणं थांबवलं. "कुणाला सांगितलं होतं हे?"

"बायकोला ठावं हाय. ते पन तिनंच वळखलं."

बाहेर व्हरांड्यात नेत्रा त्याच्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. "मला का नाही सांगितलंत, काका? मीच घेतला असता ना वास!"

"तेच तर, पोरी," कोंडाजी बाकावर टेकला. "मग तू मला विचारलं नसतंस."

ती त्याच्या शेजारी बसली, आणि त्याची मुरूडची एसटी येईपर्यंत दोघंही तिथंच बसून राहिली.