रखमा बोलली तो तुकडा

त्या दिवशी चौसाळ्याच्या फडात मी होते, माझी जाऊ रखमा होती, आमचा मुकादम दादाराव होता, शिनेमाचे डायरेक्टर साहेब, त्यांचा कॅमेरावाला आन पुन्याची हिरॉईन. ऊस तेवढा न्हवता. तो आमी तोडून टाकलता.

नवरा-बायकोची जोडी ऊस तोडती, तिला आमच्यात एक कोयता म्हनत्यात. आमचे दोघींचे मालक गेले, तवा मी आन रखमानं मिळून एक कोयता केला. शिनेमा ऊसतोडीच्या बायांचा होता, म्हनून आमाला घेतलं. कॅमेरा लागस्तवर थांबा, आसं साहेबानं सांगितलं. पन उभ्या उसापाशी नुसतं थांबायची आमाला सवय न्हाई. च्या येईस्तवर शॉटचा सगळा पट्टा तोडून मोळ्या बांधल्या.

दादाराव खेकसला, "काकू, कावून तोडला?"

रखमा म्हनली, "आरं, उभं ऱ्हायलं की खाडा धरतूस. तोडला तर वरडतूस. एक कायतरी ठरीव."

साहेब हसले. दुसरा पट्टा मिळंस्तवर काम बंद पडलं. मग ते कॅमेरा चालू करून रखमापाशी बसले. खाडा म्हंजी काय, इचारलं.

रखमानं सांगितलं. खाडा म्हंजी बुडालेला दिवस, त्याचा दंड. पाळी आली तरी सुट्टी न्हाई. म्हनून कितीक बायांनी गर्भाची पिशवीच काढून घेतली.

"माजी काढली तवा मी तिशीतबी न्हवते," ती म्हनली. "एक पोरगी पायजे व्हती मला."

मग पदरानं कोयता पुसत बसली. इतकी वर्सं पाचटाच्या एका कोपीत झोपलो, पन हे मला कदी बोलली न्हवती. दादाराव उठून गेला.

पुढच्या साली रखमा वारली. फोटो आधारकार्डावरला तेवढा हाय, त्यात ती रखमा वाटत न्हाई.

शिनेमा बीडला लागला. मी गेलते. रखमाचं बोलनं हिरॉईनच्या तोंडी होतं. चांगलं केलं तिनं. बाया रडल्या. दादाराव खाली बघत बसलता. रखमा मातर कुटंच आली न्हाई.

भायेर साहेबाला इचारलं. ते म्हनले, "मावशी, लांबी लई झालती. काढावं लागलं."

"कुटं ठिवलंय का?"

"बघतो."

त्याला दोन वर्सं झाली. आपलं बोलनं शिनेमात ऱ्हातं, मानूस ऱ्हाईलच आसं न्हाई.

वाचनाऱ्यांत कुनी शिनेमाच्या कामातलं आसंल तर तेवढा तुकडा धुंडा. लोकान्ला दावा नायतर नका दावू. मला एकदा दावा.