एका पायाचे ग्लास

बियाण्यांच्या कंपनीने दुकानदारांना नाशिकची सहल घडवली आणि आमच्या घरातली शांतता संपली. सोयाबीनच्या पिशव्या जास्त विकल्या की कुणाला मिक्सर मिळतो, कुणाला सुटकेस. माझ्या नवऱ्याला वाइन कळायला लागली. डोणगावला कृषी केंद्र चालवणारा हा माणूस दोन दिवस द्राक्षांच्या मळ्यात फिरून आला आणि नाकाने कांदे सोलायला लागला.

आता ते नाक तरी शाबूत असावं! वीस वर्षं कीटकनाशकांच्या डब्यांमध्ये बसून त्याला कशाचाच वास येत नाही. वरून दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार खर्रे. भाजी करपली तरी मी ओरडल्यावर कळतं. पण रविवारी दुपारी हॉलचे पडदे ओढले, तिघे मित्र जमले की हा ग्लास गोल गोल फिरवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "पाहा, जंगली फुलाचा वास येऊन राह्यला." मित्र म्हणजे एक डॉक्टर, एक मास्तर, एक अडत्या. तिघेही माना डोलवायचे. जंगली फूल कोणतं, हे एकानेही कधी विचारलं नाही.

त्याने खास ग्लास मागवले होते. बगळ्यासारखे एका पायावर उभे राहणारे. पहिल्याच आठवड्यात भांडीवालीच्या हातून दोन फुटले, तेव्हापासून ते घासायचं काम माझ्याकडे आलं. माझं शिक्षण तिथेच झालं. दर रविवारी एकच बाटली उघडायची. घासायच्या आधी मी ग्लास नाकाला लावायची आणि मग बाटलीवरचं द्राक्षाच्या जातीचं नाव वाचायची. सोव्हिन्यॉ ब्लाँ म्हणजे नुकती मोडलेली हिरवी मिरची आणि कापलेलं गवत. शेनिन ब्लाँ म्हणजे घरात कुठेतरी ठेवलेला पिकला पेरू. शिराज म्हणजे खलबत्त्यात कुटलेले काळे मिरे. कॅबर्नेला जांभळाचा वास, त्याच्या मागून ढोबळी मिरचीचा. खोटं कशाला बोलू, एकदा तळाशी राहिलेली कॅबर्ने बोटाने चाटलीही. सुपारी चघळल्यासारखी जीभ कोरडी पडली. नवरा याला टॅनिन म्हणायचा, पण ते काय असतं हे त्याला सांगता यायचं नाही.

मग डॉक्टरांचा साडू आला. तो नाशिकला वाइनच्याच कारखान्यात कामाला. नवऱ्याची कीर्ती ऐकून तो म्हणाला, पुढच्या रविवारी मी कागदात गुंडाळलेल्या तीन बाटल्या आणतो, भाऊंनी चाखून द्राक्षाची जात ओळखायची. नवरा सगळ्यांसमोर "हाव, आना की" म्हणाला. मंडळी गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला. चेहरा पार उतरलेला.

"मले काईच समजत नाही त्यातलं," तो म्हणाला. "मेहकरपर्यंत हसतीन लोक."

मला हसू आलं, आणि त्याची कीवही आली. मी म्हटलं, "मले समजते." आणि चारही वास धडाधड सांगितले. हे तुला कुठून कळलं, असं त्याने विचारावं एवढीच माझी इच्छा होती. तो म्हणाला, "मंग तिथं मले कसं सांगशीन?"

ठरलं ते असं. ग्लास भरून आणायचं काम अर्थात माझंच. भरताना मी वास घ्यायचा आणि ट्रेमध्ये सोबत तशी बशी ठेवायची. तळलेली मिरची आली तर सोव्हिन्यॉ, पेरूच्या फोडी आल्या तर शेनिन, मिरे लावलेले शेंगदाणे आले तर शिराज, सुपारी आली तर कॅबर्ने. आठवडाभर तो हा पाढा घोकत होता.

रविवारी पहिल्या बाटलीला मी मिरच्या नेल्या. नवऱ्याने ग्लास फिरवला, छताकडे पाहिलं आणि बरोबर उत्तर दिलं. दुसऱ्या वेळी पेरू नेला. तेही बरोबर. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. साडू बिचारा सज्जन, तो म्हणाला, "वहिनींनाही एकदा वास घेऊ द्या ना."

नवरा मोठ्याने हसला. "तिले काय समजते याच्यातलं! तिले शेंगदाने भाजू द्या."

सगळे हसले. मला राग आला, इतका की कान तापले. मी आत गेले आणि तिसरी बाटली ओतली. ग्लास नाकाशी येण्याआधीच मिऱ्यांचा वास आला. शेंगदाणे बशीत तयार होते. ते मी झाकून ठेवले आणि नुसता ट्रे घेऊन बाहेर गेले.

नवऱ्याने ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खायले काई नाही?"

"शेंगदाने संपले," मी म्हटलं.

त्याने ग्लास फिरवला, हुंगला, एक घोट घेतला, परत फिरवला. पंखा पाचवर होता तरी कपाळावर घाम आला. शेवटी बारीक आवाजात म्हणाला, "कॅबर्ने."

साडूने कागदाला हात घातला, तेवढ्यात मी दारातून म्हटलं, "शिराज."

कागद निघाला. शिराजच होती.

माझी कल्पना होती की आता सगळे नवऱ्याला हसतील. कोणीच हसलं नाही. पाचही जण माझ्याकडे बघत होते. दर रविवारी पडद्याआड बसणारे हे लोक असे बघत होते, जणू घराची अब्रू मीच वेशीवर टांगली. नवऱ्याने मान खाली घातली. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि हळू आवाजात विचारलं, "वहिनी, तुमी घेता काय?"

"नाही भाऊजी," मी त्यांच्या पुढ्यातला रिकामा ग्लास उचलत म्हटलं, "मी फक्त घासते."