ब्रेनन साहेबाचं पान

कचेरीत फायलींपेक्षा किस्से लवकर साचतात. फायली निदान कधीतरी निकाली निघतात. पन्नास सालानंतर वाशीमला आमच्या कचेरीत किन्हीराजा गावचा नामदेव चपराशी होता. लढाईत तो ब्रह्मदेशात, जपान्यांच्या पिछाडीला विमानातून छत्रीने उतरणाऱ्या तुकडीत होता. तिथला त्याचा कॅप्टन, ब्रेनन साहेब, ऐन तेविशीत मारला गेला. नामदेवच्या बोलण्यात मात्र तो रोज हजर असे. आमच्या बऱ्याच साहेबांपेक्षा नियमित.

*

हेडक्लार्क देशमुख एकदा "तुझा तो इंग्रज" म्हणाले.

"इंग्रज नाही, आयरिश. त्यायनं इंग्रजाले आपल्या आंधी घालवलं."

"मंग इंग्रजाच्या फौजेत काहून होता तो?"

"मी तरी काहून होतो?"

देशमुखांनी चष्मा पुसायला घेतला.

*

पहिल्या उडीला नामदेव विमानाच्या दारात थिजला. साहेबाने विचारलं, भीती वाटते? हा म्हणाला, हो. साहेब म्हणाला, मलाही, आणि उडी मारून मोकळा झाला. आता मागे राहून भीती सांगणार कुणाला? गेला मागोमाग.

पुढे नागपूरहून बडे साहेब तपासणीला येणार म्हणून सगळी कचेरी कापत होती, तेव्हा नामदेवने एवढंच विचारलं, "जमिनीवरच उभं राहाचं हाय ना?"

*

साहेबाला मराठीचं एकच वाक्य येई: "जेवले का सारे?" जंगलात रसद तुटली, तरी होकार मिळाल्याशिवाय तो घास घेत नसे. एकदा त्याच्या वाट्याला नुसतं पाणी उरलं. ते पिऊन पोटावरून हात फिरवत म्हणाला, आज अंमळ जास्तच झालं.

शेवटी नदी ओलांडतानाही त्याने सगळ्यांना आधी पाठवलं. पलीकडच्या काठावरून नामदेवने त्याला पडताना पाहिलं.

*

साहेबाचं लग्न झालं नव्हतं, प्रेतही हाती लागलं नव्हतं. त्याला घासभर अन्न पोचवायचंच, हा नामदेवचा हट्ट. एका सर्वपित्रीला त्याने आम्हाला घरी बोलावलं. भटजींनी गोत्र विचारलं.

"पलटन," नामदेव म्हणाला.

देशमुख म्हणाले, अरे, तो ख्रिस्ती, त्याचे लोक करतील काय ते.

"ते तेथ करतीन. मेला तो माह्यासमोर."

भटजींनी पळी उचलली.

छपरावर पान ठेवलं: खीर, वडे, कढी. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. निंबावर कावळे बसलेले, पण एकही हलेना. नामदेवने साहेबाच्या आईचं, गावाचं नाव घेऊन पाहिलं. कावळे ढिम्म. दुपार कलली. मग तो आमच्याकडे वळला.

"बसा जेवाले."

आधी कावळा, असं शास्त्र आहे, भटजी म्हणाले.

"साहेबाचं शास्त्र वेगळं व्हतं. बसा."

बसलो. भटजी सर्वांत आधी. नामदेवने आग्रह करकरून वाढलं, मग अंगणात ताठ उभा राहून वर पाहत म्हणाला, "सारे जेवले, साहेब."

कावळे जागचे हलले नाहीत.

दारातून त्याची बायको म्हणाली, "तुमी कुठं जेवले?"

नामदेव तिथेच मातीत बसला. तिने पान वाढलं. त्याने मान खाली घालून ते संपवलं, हात धुतला आणि वर न पाहता म्हणाला, "जेवलो, साहेब."

छपरावर पंखांची फडफड झाली.