कमांडर वेदरबी आणि कादिरचे वय

माझे यजमान गुरुनाथ सौदीच्या रास तनुरा बंदरात टगबोटी चालवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात होते. कमांडर वेदरबी तिथले मुख्य पायलट, म्हणजे मोठी जहाजे बंदरात आत-बाहेर नेणारे. १९८५ च्या मार्चमध्ये हुकूम आला की साठीवरच्या परदेशी माणसांनी रमजानपूर्वी जागा सौदी तरुणांना द्याव्यात. अनुभव दाखवला तर एखाद्याला वर्षभराची मुदत मिळणार होती. वेदरबी त्रेसष्टचे होते. पत्नी वारलेली, इंग्लंडात घर नाही. आपली कारकीर्द त्यांनी मला सांगून टाइप करून घ्यायचे ठरवले. आमच्या अल-खोबरच्या फ्लॅटवर ते रोज पाच वाजता येत.

त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात जटलंडच्या आरमारी लढाईतले. हे स्वतः तेराव्या वर्षी नौदलाच्या शाळेत गेले. अठराव्या वर्षी अटलांटिकमध्ये जहाज बुडून तीन तास पाण्यात होते. बेचाळीस साली मुंबईला, नौदलाने ताब्यात घेतलेल्या एका व्यापारी जहाजावर. खलाशांची कागदपत्रे तपासून सही करणे हे त्यांचे काम. इथपर्यंत सांगून ते थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याआधी टगबोटीवरच्या खलाशांचा मुकादम, सारंग इब्राहीम आला. कागदावर वय एकसष्ट.

"वहिनी, मी इब्राहीम न्हाय. माझा नाव कादिर," तो म्हणाला.

थोरला भाऊ इब्राहीम बेचाळीस साली मुंबईत साहेबांच्या बोटीवर चढायच्या दिवशी घाबरून रत्नागिरीला पळाला. गावच्या सारंगाने त्याच्याच खलाशी-पुस्तकावर, म्हणजे नाव-वय लिहिलेल्या नोकरीच्या दाखल्यावर, चौदा वर्षांच्या कादिरला भरती केले. पुढे पासपोर्ट, सौदीत राहायचा परवाना म्हणजे इकामा, सगळे त्याच नावाने झाले. खरे वय सत्तावन्न. मुलगी रईसाची डॉक्टरकीची तीन वर्षे बाकी होती. पुस्तकावर सही वेदरबींची होती, आणि पोर चौदाचे आहे हे त्यांना तेव्हाच ठाऊक होते. त्यांनी तसे लिहून दिले, तर वयाची फेरतपासणी मागता आली असती.

वेदरबी आल्यावर त्याने तेच हिंदीत सांगितले. साहेबांनी मान हलवली, उद्या बघू म्हणाले.

१४ मार्चला त्यांनी पुढचे वाक्य सांगितले: "सर्व खलाशांची कागदपत्रे मी जातीने तपासली व ती बिनचूक आढळली."

माझी बोटे थांबली.

"खोटी सही केली असे लिहिले, तर मला कोण ठेवेल?" ते म्हणाले. "टाइप करा, मिसेस नाडकर्णी."

मी टाइप केले.

वेदरबींना वर्ष मिळाले. मे महिन्यात कादिरला दहरान विमानतळावर सोडायला त्यांनी स्वतः गाडी चालवली. मी आणि यजमान मागे बसलो होतो. बॅग उतरवताना कादिरने विचारले, "साहब, आपका साल हो गया?"

"हो गया."

"अच्छा हुआ. एक तो रह गया."

वेदरबींनी हात पुढे केला. कादिरने तो दोन्ही हातांत घेतला, मग पासपोर्ट उघडून रांगेत उभा राहिला. खिडकीवरच्या शिपायाने "इब्राहीम" अशी हाक मारली आणि तो पुढे झाला.