एका कडेनं चिकटवलेलं व्हेनिस

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी परदेशी जाऊन आले, असं म्हटलं की हल्लीची पोरं कान टवकारतात. मग मी गोव्याचं नाव घेते आणि त्यांची तोंडं पडतात. पण तेव्हा गोवा पोर्तुगिजांचा होता. आम्ही राहायला कोल्हापुरात आणि आमची कुलदेवी तिकडे. तिच्या पायावर डोकं ठेवायचं तर परमुलखातच जावं लागे.

मी मात्र याला परदेश मानायला मुळीच तयार नव्हते. माझा खरा परदेश एका दोनशे पानी वहीत होता. लंडन, पॅरिस, नाईल नदी, बर्फाचे डोंगर आणि सगळ्यांत लाडकं व्हेनिस. वर्तमानपत्रातली चित्रं कापून खळीनं चिकटवलेली आणि खाली माझ्या अक्षरात: किती दिवस राहायचं, काय बघायचं, काय खायचं. खाण्यापुढे बहुतेक ठिकाणी 'भात मिळतो का ते विचारणे' असं लिहिलेलं होतं. कागल-मुरगूडच्या पुढे कधी पाऊल न टाकलेल्या मुलीचा हा थाट!

वडील राजारामपुरीत शाळामास्तर होते. पेपर कापायला त्यांची हरकत नव्हती, पण चित्र एकाच कडेनं चिकटवायचं, अशी अट होती. "मागचं काही वाचायचं राहिलं असलं तर?" म्हणायचे. त्यामुळे माझी सगळी शहरं कपाटाच्या दारासारखी उघडत. शहर उघडलं की मागे कधी बाजारभाव, कधी कुणाचं लग्न.

आदल्या वर्षी मला टायफॉईड झाला, तेव्हा आईनं देवीला नवस बोलला होता. मी बरी झाले. वडिलांना रजा मिळेना, म्हणून आम्ही दोघीच खणानारळाची ओटी घेऊन निघालो. वही मी पिशवीत टाकली. प्रवासाला निघताना प्रवासाची वही घरी कशी ठेवायची?

आंबोलीचा घाट उतरेपर्यंत मी मजेत होते. गाडीत शेजारी कागलचे एक तंबाखूवाले होते, त्यांचं तिकडे नेहमीचं जाणं-येणं. हद्द जवळ आली तसे ते आईला म्हणाले, "मावशी, छापील मराठी काय असलं तर हितंच टाकून द्या. गेल्या खेपंला एका पोराच्या खिशात निसती बातमी घावली. न्हेला त्यो न्हेलाच."

ते ऐकलं आणि मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. कारण व्हेनिसच्या मागे काय आहे ते मला पाठ होतं. वडिलांनी ती बातमी दोनदा मोठ्यानं वाचली होती. पोर्तुगिजांना गोव्यातून हाकला म्हणून भरलेली सभा, बोटभर जाडीचा मथळा आणि खाली भाषणं.

गाडीतून उतरून आम्ही नाक्यावरच्या रांगेत उभ्या राहिलो. पुढे बंदूकवाला गोरा शिपाई, मागे माणसं. वही टाकायला जागा नव्हती, पळायला तर नव्हतीच. मी आईच्या कानाशी लागून सगळं सांगितलं.

"कुठलं पान गं?"

"पाण्यातलं हाय बघ. होड्या हाईत त्यात."

आईला अक्षरओळख नव्हती, पण धीर दांडगा. "रडू नगंस. मी हाय की," म्हणाली. तिनं पदराखाली वही घेतली, पानं चाळली, खोकला काढला आणि त्या खोकल्यात पान टरकन फाडलं. ते चुरगाळून ओटीच्या तांदळात खुपसलं आणि वही माझ्या हातात दिली. मी हळूच उघडून पाहिलं. व्हेनिस जागच्या जागी होतं. आईनं नाईल नदी फाडली होती. होड्या तिच्यातही होत्या.

आता आईला सांगावं, तर आमचा नंबर आला होता.

टेबलाशी बसलेला कारकून आपल्यासारखाच सावळा, चष्मेवाला होता. समोर शिक्का आणि डिंकाची बाटली. त्यानं ओटीला हात लावला नाही. वही मात्र उचलली.

"हें कितें?"

"पोरगी शिकतीया माझी," आई म्हणाली. "जग बघायचंय तिला."

त्यानं पानं उलटायला सुरुवात केली. लंडन झालं, पॅरिस झालं. फाटलेल्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं. "हें पान खंय?"

"चुलीत गेलं आसंल," आई म्हणाली. ती अगदी निर्धास्त होती. तिच्या लेखी संकट तांदळात पुरलेलं होतं. मला मात्र देवीचं नावसुद्धा आठवेना, तिच्याच दारी चालले होते तरी.

मग व्हेनिस आलं. खिडकीतून वारा आला आणि ते दार आपसूक उघडलं.

त्याचे डोळे मथळ्यावर थांबले आणि ओळीमागून ओळ खाली उतरत गेले. मी शिपायाकडे पाहिलं. शिपाई माझ्याकडेच बघत होता. आता आईला कुठे नेतील आणि मला कुठे, एवढंच डोक्यात होतं.

कारकुनानं बातमीवर चित्र पाडलं आणि त्यावर अंगठा दाबून धरला.

"लिस्बोआ खंय गो?" तो एकदम मोठ्यानं म्हणाला. लिस्बन कुठे आहे? आपल्या राजधानीचं नाव ऐकून शिपाई हसला आणि दुसरीकडे वळला. तेवढ्यात कारकुनानं डिंकाच्या बाटलीतला कुंचला काढून चित्राच्या उरलेल्या तिन्ही कडांना डिंक फासला आणि वर मूठ दाबली.

"बरें चिकटय गो. ना जाल्यार उडून वतलें," तो म्हणाला. नीट चिकटव, नाहीतर उडून जाईल. वही मिटून त्यानं पुढे सरकवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नाका ओलांडल्यावर आई म्हणाली, "बघ, फाडलं म्हणून सुटलो." पुढे आयुष्यभर ती ही हकीकत सगळ्यांना सांगत राहिली आणि मी मान डोलवत राहिले.

चार दिवसांनी त्याच नाक्यावरून परतलो. तेच टेबल, तीच डिंकाची बाटली, पण खुर्चीवर दुसरा माणूस होता. त्यानं पिशवीत डोकावून आम्हाला जाऊ दिलं. मी तिथेच घुटमळले. आधीचा कारकून कुठे गेला, हे विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं तर त्यालाच धोका, न विचारलं तर माझ्या जिवाला घोर. शिपाई त्या वेळी खरंच वळला होता ना, की मला तसं वाटलं?

आई पुढून हाका मारत होती. जेवायला गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि चालू लागले.

पुढे गोवा आपला झाला आणि माझा एकुलता एक परदेशही गेला. वही अजून आहे. व्हेनिस घट्ट चिकटलेलं आहे, मी त्याला कधी नख लावलं नाही. आणि तो जेवायलाच गेला असेल, हे मी स्वतःला अजून सांगते.