दोन्ही टोकांना पिना

ती वायर मी खोचली होती. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, चिमूरकडच्या आमच्या गावात, मी घरीच ॲम्प्लिफायर बनवायचो. सर्किट नीट जमायचं. आळस करायचो तो मागच्या बाजूला. स्पीकरसाठी वेगळ्या आकाराचे कनेक्टर नागपूरहून आणावे लागत. लाइटचे टू-पिन प्लग मात्र किराणा दुकानातही मिळायचे. आमच्याकडे सगळे तेच लावायचे. ॲम्प्लिफायरला सॉकेट, स्पीकरच्या पेटीलाही सॉकेट, आणि मधल्या वायरीच्या दोन्ही टोकांना उघड्या पिना. हाच प्लग लाइटच्या बोर्डातही बसतो, हे मला कळत होतं. पण वायर मीच जोडणार, मग चूक कशी होईल?

शंकरपट होता, बैलजोड्यांची शर्यत. जोड्या उभ्या, लोक ओरडून राह्यलेले. घाईत मी त्या वायरीचं एक टोक ॲम्प्लिफायरऐवजी लाइटच्या चालू बोर्डात खोचलं. दुसरं तणसात, भाताच्या पेंढ्यात, पडलेलं. माइकवर पट पुकारायला गावातले एक वडीलधारे होते, सगळे त्यांना भाऊच म्हणत. ते म्हणाले, "थांब गा, मी लावतो पेटीले," आणि त्यांनी ते उचललं.

आवाजच निघाला नाही त्यांच्या तोंडून. हात थरथरत होता आणि मूठ सुटत नव्हती. मी प्लग उपसला तसे ते कोसळले. मेले, असंच वाटलं मला. तरी माझ्या हातांनी आधी काय केलं? तो प्लग ॲम्प्लिफायरच्या सॉकेटात घातला. मग मी त्यांच्याजवळ गेलो.

ते डोळे उघडेपर्यंत लोक जमले होते.

"काऊन भाऊ, दुपारीच मोहाची घेतली?"

"नाई गा... मले करंट लागला."

"असा करंट तर आमाले रोज संध्याकाळी लागते!"

सगळे हसले. भाऊ माझ्याकडे पाहत होते.

"स्पीकरच्या वायरीत एवढा करंट कुठी राहते," मी म्हणालो.

गावाने त्यांच्या हाती पुन्हा माइक दिला नाही. मी पुढच्या प्रत्येक ॲम्प्लिफायरला स्पीकरसाठी स्क्रूचे टर्मिनल लावले. कोणी विचारलं तर म्हणायचो, दिसायला बरे दिसतात. आजही कुठलं सुटं टोक उचलण्याआधी दुसरं टोक कुठे आहे ते मी जाऊन पाहून येतो. आणि भाऊ रस्त्यात समोरून आले की वाटतं, आज विचारतील.

त्यांनी कधी विचारलं नाही. ते अजून आहेत. त्या दुपारी ते प्यायले नव्हते आणि खोटं मी बोललो, हे चार लोकांसमोर, त्यांच्या देखत, मला सांगायचं आहे.