श्रॉपशायरला दिलेला चोप

किस्से जमवायला आम्ही कधी मुद्दाम बसलो नाही. दर रविवारी सकाळी सिंगापूरमधल्या आमच्या पासिर रिसच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या स्टॉलांवर, आम्ही चौघं प्राटा, म्हणजे इथला पराठा, खायला जातो, कोणीतरी काहीतरी बोलून जातं, आणि ढिगात एकाची भर पडते. वीस वर्षांत ढीग इतका झालाय की तळाला काय आहे ते आता आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही. पण सध्या जुने सगळे किस्से बाद आहेत. सध्या फक्त श्रॉपशायर चालू आहे.

चौघं म्हणजे मी, माझा नवरा प्रमोद, आणि आमच्याच ब्लॉकमधले श्रीरंग आणि वृंदा. श्रीरंग पुण्याचा, आयटीतला, एरवी गरीब गाय, पण जेवणाची वेळ टळली की ओळख विसरतो. त्यांची एकुलती एक सई इथेच वाढली, जनावरांची डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेली, आणि तिथे तिला टॉम भेटला. तोही जनावरांचाच डॉक्टर. मुलगा गुणी, त्याबद्दल वाद नव्हता. पण लग्नानंतर दोघं राहणार होती टॉमच्या गावी, श्रॉपशायरमध्ये. म्हणजे इंग्लंडचा अगदी खेड्यांचा भाग, जिकडे बघावं तिकडे मेंढ्या.

सईने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "पप्पा हो म्हणाले तरच लग्न. नाही म्हणाले तर नाही. पण मग दुसऱ्या कोणाशीही नाही, ओके?"

श्रीरंग म्हणाला, "आधी गाव बघतो. माझ्या पोरीने आयुष्यभर भूक लागली की लिफ्टचं बटण दाबलंय. खाली उतरलं की बारा स्टॉल. तिथे तिला भूक लागली तर ती काय खाणार, एवढं मला कळायला हवं."

बोलणी करायला दोनपेक्षा चार माणसं बरी, म्हणून आम्हालाही नेलं.

*

पहिल्या दिवशी गावात पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. गावात खायची जागा एकच, तो पब. दार उघडं, शेकोटी पेटलेली, चार म्हातारे बिअर पीत बसलेले. श्रीरंग खुशीत काउंटरवर गेला आणि सिंगापूरच्या सवयीने मालकिणीला म्हणाला, "आंटी, एनीथिंग ऑल्सो कॅन." म्हणजे काहीही चालेल.

बाई त्याच्याच वयाची. आंटी कोण आली म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, "किचन्स क्लोज्ड, लव्ह."

श्रीरंग परत आला तो पांढराफटक पडून. "दोनला बंद झालं म्हणे. आता डायरेक्ट सहाला. आणि वृंदा, ती मला लव्ह म्हणाली."

"ती सगळ्यांनाच म्हणत असेल," वृंदा म्हणाली. तिला त्या क्षणी नवऱ्यापेक्षा सँडविचची काळजी जास्त होती.

शेजारच्या टेबलाखाली एक कुत्रा वाटीतून काहीतरी मन लावून खात होता. श्रीरंग त्याच्याकडे बघतच राहिला. "त्याला मिळतंय," तो म्हणाला. त्या दुपारी आम्ही चौघांनी वेफर्सची सात पाकिटं खाल्ली. व्हिनेगरच्या वासाचे होते.

*

इथे आमची एक सवय सांगायला हवी. हॉकर सेंटरला गर्दी असली की आधी टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवायचं आणि मग खुशाल रांगेत उभं राहायचं. पाकीट दिसलं की ते टेबल घेतलेलं. कोणी हातही लावत नाही. याला इथे 'चोप' करणं म्हणतात. आम्ही नवीन आलो तेव्हा ऑफिसातला एक चिनी सहकारी प्रमोदला म्हणाला होता, "यू गो फर्स्ट, चोप." प्रमोदने मला घाबऱ्या आवाजात फोन केला होता, की इथे जेवायच्या आधी मारामारी करावी लागते.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही बाराच्या ठोक्याला पबमध्ये हजर. खिडकीजवळचं गोल टेबल मोकळं होतं. श्रीरंगने खिशातून टिश्यूचं पाकीट काढलं, पासिर रिसच्या आमच्या दातांच्या डॉक्टरची हसऱ्या फोटोसकट जाहिरात असलेलं, दवाखान्यात फुकट वाटतात ते, आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. मग आम्ही चौघंही ऑर्डर द्यायला काउंटरवर गेलो.

परत येऊन बघतो तर टेबलावर एक उंचापुरा म्हातारा! गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, नाक लालबुंद, आणि हातात आमच्या पाकिटातला टिश्यू. त्याने आमच्यादेखत जोरात नाक शिंकरलं. मग श्रीरंग अवाक होऊन बघतोय हे बघून त्याला वाटलं, टिश्यू याचेच असणार. त्याने मान लववली. "व्हेरी काइंड ऑफ यू," म्हणाला, आणि दुसरा टिश्यू काढला.

आम्ही बाहेर बागेत बसून जेवलो. वाऱ्याने मटार उडत होते.

"वीस वर्षांत," श्रीरंग म्हणाला, "वीस वर्षांत माझ्या टिश्यूला कोणी हात लावला नव्हता." एखाद्याचं घर फुटल्यावर दिसतो तसा तो दिसत होता.

*

त्याच दिवशी चारला टॉमच्या वडिलांकडे जायचं होतं. टॉमची आई चार वर्षांपूर्वी गेली. घरात वडीलच, रॉजर त्यांचं नाव, आणि मेंढ्या. वृंदाने काठापदराची साडी नेसली होती. टॉम आणि सई फाटकाशी उभे होते. सईने बेल वाजवली.

दार उघडलं. चिखलाचे बूट नव्हते एवढंच. नाक तेच. शर्टाच्या खिशातून आमच्या दातांचा डॉक्टर हसत होता.

"अरे, हे तर टिश्यूवाले," रॉजर इंग्रजीत आनंदाने म्हणाले.

श्रीरंग मराठीत जे पुटपुटला ते मी लिहिणार नाही. सईला सगळा प्रकार कळला तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "डॅड, ही वॉज चोपिंग लाह!" ती रॉजरना म्हणाली, आणि मग दहा मिनिटं उभ्या उभ्या त्यांना ती सगळी पद्धत समजावून सांगितली. आम्हाला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिने त्यांना डॅड म्हटलं होतं. श्रीरंगनेही ते ऐकलं होतं.

रॉजर नीट ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचं नाकच नाही, कानही लाल झाले. त्यांनी पाकीट बाहेर काढून पाहिलं, परत करावं की नाही ते त्यांना ठरवता येईना, आणि शेवटी पुन्हा खिशात ठेवलं.

*

तिसऱ्या दिवशी एका टी रूममध्ये गेलो. चहा, स्कोन, जॅम, सगळं झकास. खाऊन झाल्यावर आम्ही चौघं उठलो, कपबशा, किटली, क्रीमची वाटी, सगळं ट्रेमध्ये भरलं, आणि ट्रे घेऊन थेट आत स्वयंपाकघरात. सिंगापूरमध्ये आपला ट्रे आपण ठेवला नाही तर दंड होतो. हात आपोआप चालतात.

आतल्या बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काही चुकलं का माझं?" तिने विचारलं. तिथे म्हणे कोणी असा ट्रे आणून देत नाही. आम्ही रागावून उठलो असंच तिला वाटलं. आम्ही गाडीत बसलो तरी ती मागे धावत आली आणि खिडकीतून एक अख्खा केक आत दिला.

श्रीरंगने केक मांडीवर नीट ठेवला. "बाई चांगली आहे," तो म्हणाला. "पण ही साडेचारला दुकान बंद करते."

*

शेवटच्या संध्याकाळी रॉजरनी आमच्या मानासाठी तालुक्याच्या गावातल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये टेबल सांगितलं होतं. पाऊण तासाचा रस्ता. रॉजरनी आयुष्यात कधी करी खाल्ली नव्हती, आणि पाहुण्यांचा मान ठेवायचा म्हणून त्यांनी यादीतली सगळ्यात तिखट मागवली. दुसऱ्या घासाला त्यांचा चेहरा असा झाला की टॉमने खुर्चीच मागे सरकवली. पण माणसाने पाण्याला हात लावला नाही.

आमच्यापुढे आलं ते चार वाट्यांत एकच नारिंगी पाणी. वाढपी बांगलादेशी, वयस्कर. वृंदाचं तोंड बघून तो वाकून हळूच हिंदीत म्हणाला, "बहनजी, ये आप के लिए नहीं है. रुकिए." आणि आतून कामगारांसाठी केलेली मसूरडाळ आणि भात घेऊन आला. काय डाळ होती! रॉजरनी वास घेतला, आपली ताटली बाजूला सारली आणि म्हणाले, "मलाही चालेल का?"

निघताना सईने विचारलं, "पप्पा?"

"बघू," श्रीरंग म्हणाला.

*

हे बघू चार महिने चाललं. रविवारी प्राटा खाताना विषय निघाला की श्रीरंग मान खाली घालायचा. वृंदा त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. सईचे फोन लहान होत गेले. मी एकदा रागावून विचारलं, "नक्की अडतंय कुठे?" तर म्हणाला, "नीला, ती तिथे एकटी असेल. दोन वाजून दहा मिनिटांनी पोचली तर?"

आणि मग एका शुक्रवारी सई, टॉम आणि रॉजर सिंगापूरला आले. रॉजर जन्मात पहिल्यांदा विमानात बसले होते. उतरायला ते आमच्याकडे होते. रविवारी नऊला सगळ्यांनी हॉकर सेंटरवर भेटायचं ठरलं. सकाळी सातला मी उठले तर रॉजर टाय लावून दारात. "जरा फिरून येतो," म्हणाले.

नऊला आम्ही पोचलो तर पाय ठेवायला जागा नाही. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, लोक ट्रे घेऊन उभे. श्रीरंग वैतागला. "आज काही टेबल मिळत नाही," म्हणाला, आणि एकदम थांबला.

मधोमध एक मोठं गोल टेबल रिकामं होतं. आजूबाजूला एवढी माणसं ताटकळत होती, पण त्या टेबलाला कोणी शिवलं नव्हतं. त्यावर चुरगळलेलं, चपटं झालेलं एक पाकीट होतं. आमच्या दातांच्या डॉक्टरचं. त्यात एकच टिश्यू उरला होता. आणि लांब, प्राट्याच्या रांगेत, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, टाय लावलेले रॉजर उभे होते.

श्रीरंग बराच वेळ त्या पाकिटाकडे बघत राहिला. सई माझा हात धरून उभी होती. मग श्रीरंग पुढे झाला, खुर्ची ओढून बसला, पाकिटातला तो शेवटचा टिश्यू काढला आणि सगळ्या हॉकर सेंटरला ऐकू जाईल असं नाक शिंकरलं.

रॉजर ट्रे घेऊन आले. त्यांनी रिकाम्या पाकिटाकडे पाहिलं, मग श्रीरंगकडे.

श्रीरंगने मान लववली. "व्हेरी काइंड ऑफ यू," म्हणाला.